कल्पाची संख्या आणि एका दिवसाचे मोल



अभिषेकास अथवा पूजेस बसणाऱ्या यजमानाकडून गुरुजी सर्वप्रथम संकल्प सोडवून घेतात. त्या संकल्पात ब्रह्मदेवाच्या परार्धाचा, श्वेतवाराह कल्पाचा, वैवस्वत मन्वंतराचा आणि अठ्ठाविसाव्या कलियुगाचा उल्लेख येतो. बहुतेक भाविक हे शब्द श्रद्धेने ऐकतात व सांगितल्यावर ताम्हनात पाणी सोडतात. त्या शब्दांमागे केवढी मोठी संख्या उभी आहे याचा विचार सहसा होत नाही. ज्यांच्या मनात तो येतो त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो संस्थानच्या कार्यालयातही निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. कल्प म्हणजे चारशे बत्तीस कोटी वर्षे. एवढ्या अफाट काळापुढे आमच्या एका दिवसाचे, एका प्रदक्षिणेचे, एका रुपयाचे मोल ते काय?

प्रश्न जुना आहे आणि गंभीरही आहे. त्याचे उत्तर शोधताना प्रथम त्या संख्येचीच नीट ओळख करून घ्यावी, असे आम्हांस वाटते. ज्या संख्येने मनुष्य दबून जातो ती संख्या जवळून पाहिली असता काही निराळेच सांगते.

संख्येची घडण

आपल्या परंपरेत चार युगांची वर्षे ठरलेली आहेत. कलियुगाची ४,३२,०००, द्वापराची त्याच्या दुप्पट म्हणजे ८,६४,०००, त्रेताची तिप्पट म्हणजे १२,९६,००० आणि कृतयुगाची चौपट म्हणजे १७,२८,०००. या चारांची बेरीज ४३,२०,००० होते. हे एक महायुग. अशी एक हजार महायुगे मिळून ब्रह्मदेवाचा एक दिवस होतो, त्यालाच कल्प म्हणतात. म्हणजे ४,३२,००,००,००० वर्षे.

या एक हजारांची आतली मांडणीही मोठी नेटकी आहे. एका कल्पात चौदा मन्वंतरे आणि प्रत्येक मन्वंतरात एकाहत्तर महायुगे, म्हणजे एकूण ९९४ महायुगे होतात. उरलेली सहा कोठे गेली? मन्वंतरांच्या आधी, नंतर व मध्ये मिळून पंधरा संधिकाल मानले आहेत आणि प्रत्येक संधिकाल कृतयुगाएवढा आहे. पंधरा वेळा १७,२८,००० म्हणजे २,५९,२०,०००, आणि ही बरोबर सहा महायुगांची वर्षे होतात. ९९४ आणि ६ मिळून १,००० पूर्ण झाले. हिशेबात एका वर्षाचाही फरक राहत नाही.

संख्येचे गुण

आता ही संख्या गणिताच्या दृष्टीने पाहू. तिचे मूळ अवयव पाडले असता केवळ तीनच मूळ संख्या हाती लागतात: दोन, तीन आणि पाच. दोन हा अकरा वेळा, तीन हा तीन वेळा आणि पाच हा सात वेळा घेऊन गुणाकार केला की कल्पाची संख्या तयार होते. इतक्या थोड्या मूळ अवयवांतून बनल्यामुळे तिला निःशेष भाग देणाऱ्या संख्या मात्र पुष्कळ आहेत. त्या एकूण ३८४ भरतात.

पंचांगातील नेहमीच्या संख्या घेऊन पाहावे. बारा राशींनी भागले असता ३६ कोटी येतात. सत्तावीस नक्षत्रांनी भागले असता १६ कोटी. महिन्याच्या तीस तिथींनी भागले असता १४ कोटी ४० लाख. साठ संवत्सरांनी भागले असता ७ कोटी २० लाख. कोठेही बाकी उरत नाही. जपमाळेच्या १०८ मण्यांनी भागले तर उत्तर येते बरोबर ४ कोटी. म्हणजे एका वर्षास एक मणी या हिशेबाने अखंड कल्प चार कोटी माळांत पूर्ण होतो. रोज एक माळ ओढणाऱ्या एकट्या माणसास त्यासाठी एक लाख नऊ हजारांहून अधिक वर्षे लागतील. पण एक लाख भाविकांनी रोज एक-एक माळ घेतली, तर तेवढ्याच माळा चारशे दिवसांत होतात.

नाशिकजवळ देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात अध्यापन करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव या संदर्भात आदराने घ्यावयास हवे. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. शाळेत शिकवीत असताना संख्यांचे गुण शोधणे हाच त्यांचा आजन्म छंद होता आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील एका विज्ञान मासिकात त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी संख्या असे सुंदर नाव दिले. कल्पाची संख्या हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज चार, तीन व दोन मिळून नऊ. नवाने भागले असता ४८ कोटी येतात. ही संख्याही हर्षद आहे, कारण चार आणि आठ मिळून बारा आणि बारांनी भागले असता ४ कोटी येतात. तीही हर्षद आहे, कारण चारांनी भागले असता १ कोटी येतात. आणि एक कोटीच्या अंकांची बेरीज किती? एक. येथे ही उतरंड थांबते. चारशे बत्तीस कोटींपासून निघालेला हिशेब शेवटी एकावर येऊन टेकतो.

गुण आणि चमत्कार

हे सर्व वाचून कोणाच्या मनात येईल की संख्येत काही दैवी चमत्कार आहे. येथे थोडे थांबून विचार करावा. धर्मस्थानाने भाविकांस आश्चर्य जरूर दाखवावे, परंतु भूल घालू नये.

कल्पास १०८ने निःशेष भाग जातो, कारण कलियुगाची संख्या ४३२ हजार आहे आणि ४३२ म्हणजे १०८ची चौपट. ज्यांनी ही संख्या निवडली त्यांनी ती सोयीची, पुष्कळ संख्यांनी भागली जाणारी अशीच निवडली. हे त्यांच्या बुद्धीचे वैभव होय. आपल्या आचार्यांत या बाबतीत मतभेदही होते. आर्यभटांनी आपला ग्रंथ इ. स. ४९९च्या सुमाराचा मानून रचला. त्यांनी महायुगाचे चार समान भाग केले, मन्वंतरात बहात्तर महायुगे धरली आणि त्यामुळे त्यांच्या कल्पात १,००८ महायुगे आली. त्यांचा कल्प ४,३५,४५,६०,००० वर्षांचा होतो. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी स्मृतिवचनांचा आधार घेऊन त्यावर टीका केली. ज्या अर्थी थोर आचार्य या विषयी मोकळेपणाने वाद करीत होते, त्या अर्थी संख्येवर विचार करणे म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे उघड आहे.

मग एवढी मोठी संख्या त्यांना हवी कशाला होती? भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मधील आहे. त्यात कल्पातील दिवसांची संख्या १५,७७,९१,६४,५०,००० अशी धरली आहे आणि चंद्राच्या प्रदक्षिणांची ५७,७५,३३,००,०००. पहिलीस दुसरीने भागले असता चंद्राची एक नाक्षत्र प्रदक्षिणा सुमारे २७.३२ दिवसांत होते हे कळते, आणि ते आजच्या वेधांशी उत्तम जुळते. सूर्य, चंद्र व ग्रह यांच्या गतीत अपूर्णांक फार येतात. ते टाळून सगळा हिशेब पूर्णांकांत मांडता यावा म्हणून आचार्यांनी असा विशाल काळ घेतला की ज्यात प्रत्येक ग्रहाच्या पूर्ण प्रदक्षिणा मोजता येतील. अफाट संख्या घेतली ती उद्याची तिथी, येती पौर्णिमा आणि पुढचे ग्रहण अचूक सांगता यावे म्हणून.

आजकाल असेही सांगितले जाते की पृथ्वीचे वय विज्ञान सुमारे ४५४ कोटी वर्षे मानते आणि कल्प ४३२ कोटींचा आहे, तेव्हा हे ज्ञान आपणास पूर्वीच होते. हे विधान आपल्याच ग्रंथांशी जुळत नाही. परंपरेच्या गणनेप्रमाणे चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षेच लोटली आहेत, अद्याप निम्माही कल्प झालेला नाही. खडक व अशनी यांच्या परीक्षणातून निघालेले वय आणि ग्रहगणितासाठी मांडलेला काळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पूर्वजांचा गौरव त्यांनी खरोखर केलेल्या कामातच पुरेसा आहे.

एक वजा केला असता

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या प्रचंड संख्येतून केवळ एक वजा करावा. उरतात ४,३१,९९,९९,९९९. चारशे बत्तीस कोटींत एकाचा फरक कोणाच्या लक्षात येणार, असे वाटेल. परंतु गणितात काय घडते ते पाहावे. या नव्या संख्येस दोनाने भाग जात नाही, तीनाने जात नाही, पाचानेही जात नाही. राशी, नक्षत्रे, तिथी, संवत्सरे, जपमाळ यांपैकी एकाशीही तिचा मेळ बसत नाही. तिच्या अंकांची बेरीज ७१ होते आणि ७१ने तिला भाग जात नाही, म्हणून ती हर्षदही राहत नाही. (हीच मन्वंतरातील महायुगांची संख्या आहे. पण हा निव्वळ योगायोग आहे, त्यात गूढ अर्थ शोधू नये.) लागोपाठच्या दोन पूर्ण संख्यांना एकाखेरीज कोणताही समान विभाजक नसतो, हा गणिताचा सर्वमान्य नियम आहे. म्हणून कल्पाच्या ३८४ विभाजकांपैकी ‘एक’ सोडून सर्वच्या सर्व त्या एका वर्षाबरोबर निघून जातात.

आणखी एक गोष्ट. एक ते दहा या संख्यांपैकी फक्त सात हीच संख्या कल्पास निःशेष भाग देत नाही. सातांनी भागले असता ६१,७१,४२,८५७ येतात आणि बाकी एक उरतो. ज्योतिषगणितात बाकीस मोठा मान आहे. एखाद्या दिवसाचा वार काढावयाचा असता आचार्य प्रारंभापासून त्या दिवसापर्यंतच्या दिवसांची संख्या, म्हणजे अहर्गण, काढीत व तिला सातांनी भागीत. भागाकार कितीही मोठा आला तरी त्याचा तेथे उपयोग नसे. उरलेली बाकी सांगत असे की आज सोमवार की मंगळवार. अब्जावधी दिवस बाजूस सारून शेवटी ज्याच्यासाठी गणित मांडले तो दिवस त्या लहानशा बाकीत असे.

संकल्पाची रचनाही अशीच आहे. तो परार्धापासून निघतो, पण तेथे थांबत नाही. कल्प, मन्वंतर, युग, शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार असा तो पायरी-पायरीने खाली उतरतो. स्थळाच्या बाबतीतही जंबुद्वीपापासून भरतखंड आणि तेथून जवळच्या नदीच्या तीरापर्यंत येतो. आपले धडगाव नर्मदेच्या दक्षिणेस, सातपुड्याच्या रांगांत वसलेले आहे, तेव्हा येथे बसणाऱ्याचा पत्ता त्या तीराने सांगता येतो. आणि सर्वांच्या शेवटी येते यजमानाचे गोत्र आणि नाव. मनुष्य क्षुद्र आहे हे सांगणे हाच जर हेतू असता, तर संकल्प कल्पाच्या उच्चारावरच संपला असता. तो संपतो तो ‘मी, आज, येथे, हे करीत आहे’ या भावावर.

तीन हजार वर्षे आणि सात दिवस

काळ मोठा म्हणजे जीवन मोठे, असे नव्हे. याचा दाखला आपल्याच तालुक्यात उभा आहे. अक्राणी तालुक्यातील अस्तंब्याचा डोंगर चार हजार फुटांहून उंच आहे. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास तेथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते आणि महाराष्ट्राप्रमाणेच गुजरात व मध्य प्रदेशातूनही भाविक ती अवघड वाट चढून येतात. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा या डोंगरांत फिरतो आणि जखमेसाठी तेल मागतो, अशी लोकश्रद्धा आहे.

महाभारताच्या सौप्तिक पर्वातील कथा सर्वश्रुत आहे. अश्वत्थाम्याने रात्री झोपेत असलेल्या द्रौपदीच्या पाच पुत्रांना मारले आणि उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. श्रीकृष्णाने त्याला मृत्यूचा शाप दिला नाही. तीन हजार वर्षे एकट्याने, कोणाशी एक शब्दही न बोलता निर्जन प्रदेशांत भटकण्याचा शाप दिला. ज्याला लोक वरदान समजतील, ते दीर्घ आयुष्य त्याच्या बाबतीत दंड ठरले. वर्षांची संख्या मोठी होती, पण ज्यास ती सांगावी, ज्याच्याबरोबर ती घालवावी असा कोणी नव्हता.

ज्या गर्भावर ते अस्त्र सोडले गेले, तो पुढे राजा परीक्षित झाला. श्रीकृष्णाने त्यास वाचविले. पुढे त्याच परीक्षितास शृंगी ऋषीचा शाप झाला आणि तक्षकाच्या दंशाने मृत्यू येण्यास अवघे सात दिवस उरले. त्याने गंगातीरी बसून ते सात दिवस शुकमुनींच्या मुखातून भागवत ऐकण्यात घालविले. आजही गावोगाव होणारे भागवत सप्ताह त्याच सात दिवसांच्या स्मरणार्थ आहेत. मारणाऱ्यास तीन हजार वर्षे मिळाली आणि ज्याला त्याने मारू पाहिले त्याला सात दिवस. दोन्ही आकडे पुढे ठेवून यांपैकी कोणते आयुष्य हवे असे विचारले, तर कथा जाणणारा कोणीही सात दिवसच मागेल.

मोठ्या संख्येचा दुरुपयोग

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे आम्ही कर्तव्य समजतो. काळाच्या विशालतेचा उल्लेख कधी कधी दुसऱ्याचे दुःख लहान करण्यासाठी होतो. घरातील माणूस गेलेल्यास, पीक बुडालेल्यास ‘अनंत काळात हे क्षणभराचेच’ असे सांगितले जाते. स्वतःच्या दुःखावर मनुष्याने असा विचार केला तर ते वैराग्य असू शकेल. दुसऱ्याच्या दुःखावर तोच विचार लादणे ही निष्ठुरता होय.

आपल्या भागातील जनतेस हे समजावून सांगण्याची गरज नाही. सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील तेहतीस गावे बाधित झाली. १७ जून २०१७ रोजी धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोहोचला. संकल्पात ज्या नर्मदातीराचा उच्चार करावयाचा, तो तीरच एका पिढीच्या डोळ्यांदेखत सरकला. कल्पाच्या हिशेबात ही वर्षे दिसणारही नाहीत. परंतु ज्याचे शेत, ज्याच्या गावाची देवस्थाने आणि ज्याच्या पूर्वजांच्या जागा पाण्याखाली गेल्या, त्याच्यासाठी त्या वर्षांचे वजन कोणत्याही कल्पाहून कमी नाही. वर गणिताने जे सांगितले तेच येथे नीतीने सांगावयाचे आहे. समूहाचा आकडा कितीही मोठा असो, त्यातील एक वजा केला की बेरीज पूर्वीची राहत नाही.

एक-एक पळी तेल

दानाच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो. खानदेशातच, चाळीसगावजवळ पाटण येथे देवीच्या देवळात एक शिलालेख होता. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी प्रमुख ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापन केला आणि तेथील निकुंभ वंशातील अधिपतींनी शके ११२८ म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमारास त्यास दान दिले, हे त्या लेखात कोरलेले आहे. दानाचा तपशील सांगणारा शेवटचा भाग तत्कालीन मराठीत आहे. त्यात राजाच्या देणगीबरोबर बाजारातील देवघेवीवरचा वाटाही नमूद आहे, आणि गावात तेलाचे जितके घाणे चालत त्या प्रत्येकामागे एक-एक पळी तेल मठास द्यावयाचे, असेही लिहिले आहे.

कल्पाची संख्या ज्यांनी ग्रंथात मांडली, त्यांच्या विद्येचा दिवा पळी-पळी तेलावर तेवत ठेवण्याची ही योजना होती. लेख कोरणाऱ्याने राजाचे नाव लिहिले आणि पळीभर तेलही लिहिले. पळीभर तेल नोंदण्याइतके मोठे नाही असे त्याला वाटले नाही.

आमच्याकडे देणगीदार पुष्कळदा विचारतात की कोणता आकडा शुभ, १०१ की १,००१ की १,११,१११? शंभरावर एक रुपया अधिक देण्याची आपली रीत फार जुनी आहे. त्या एकामुळे रक्कम विभागली जात नाही म्हणून स्नेह अखंड राहतो, असे कारण सांगतात. गणित याला अर्धाच दुजोरा देते. १०१ ही खरोखर मूळ संख्या आहे, तिचे समान भाग पडत नाहीत. पण १,००१चे पडतात, कारण सात, अकरा आणि तेरा यांच्या गुणाकाराने ती बनते. १,११,१११ही मूळ संख्या नव्हे, ती १,००१च्या १११ पट आहे. तेव्हा अखंडता हे त्या रीतीचे खरे कारण म्हणता येणार नाही. पण शून्यावर येऊन व्यवहार संपला असे होऊ नये, हिशेब पुरा झाल्यावरही देणाऱ्याच्या मनातून एक अधिक निघावा, हा तिचा भाव मात्र योग्य आहे. तो भाव असेल तर कोणताही आकडा शुभ आहे.

मोठ्या देणगीने भक्तनिवास उभे राहतात, पाण्याची सोय होते, रस्त्यावर दिवे लागतात. त्या दात्यांचे ऋण संस्थान सदैव मानते. परंतु डोंगरातील पाड्यावरून पायी येऊन दहा रुपये ठेवणाऱ्याची पावतीही त्याच पुस्तकात, त्याच क्रमाने फाडली जाते. पावती क्रमांकांतील एक जरी गहाळ झाला तर वर्षअखेरचा ताळेबंद जुळत नाही, आणि लेखापरीक्षक रक्कम लहान होती म्हणून तो सोडून देत नाही. धर्माच्या हिशेबात याहून ढिलाई असेल असे मानण्यास आधार नाही.

भाविकांस विनंती

तेव्हा भाविकांस नम्र विनंती अशी की संकल्प सोडताना त्यातील काळाचे शब्द अर्थासह ऐकावेत. गुरुजींना विचारावे, ते आनंदाने सांगतील. बरोबरच्या मुलांना कागदावर ४,३२,००,००,००० ही संख्या लिहून द्यावी आणि तिला १२, २७, ६०, १०८ यांनी भागावयास सांगावे. नंतर सातांनी भागावयास सांगावे आणि उरलेला एक त्यांना स्वतः सापडू द्यावा. जपाची माळ मोजताना एखादा मणी सुटला असे वाटल्यास घाई न करता तो पुन्हा घ्यावा. आणि रांगेत आपल्या पुढे किंवा मागे उभे असलेल्या एका वृद्धास, एका लेकुरवाळीस जागा करून द्यावी, म्हणजे दर्शनाला आलेल्या हजारोंत त्या दिवशी ते एक मोजले गेले असे होईल.

आपली यात्रा सुखरूप व सफळ होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥

— सचिव, संस्थान कार्यालय, धडगाव